दुखावलेल्या भावना आणि त्यांचे सूत्रधार

समाजमाध्यमांवरील द्वेषमूलक भाषणाविषयी, म्हणजे धर्म, जात, वंश किंवा भाषा यांवरून एखाद्या समाजगटाला हीन, घातक अथवा परके ठरवणाऱ्या उक्तीविषयी, जी चर्चा चालते तिच्या मुळाशी बहुधा एकच गृहीतक असते. लोकांच्या मनात पूर्वग्रह आणि राग पिढ्यान्‌पिढ्या साचलेलाच असतो. पूर्वी संपादक नावाचा पहारेकरी दारात उभा असल्याने तो चव्हाट्यावर येत नसे. मोबाइल आणि स्वस्त इंटरनेट यांनी तो पहारा उठवला आणि मनातले सारे बाहेर आले, असे हे गृहीतक सांगते. त्याचाच दुसरा भाग असा की, अशा उक्तीवरची प्रतिक्रियाही तितकीच उत्स्फूर्त असते: कोणी काही लिहिले, त्याने भावना दुखावल्या आणि जमाव रस्त्यावर आला. मग उपायही ठरल्यासारखे सुचवले जातात. सैल जिभांना कायद्याचा चाप लावावा, हळव्या मनांना जपावे आणि तंत्रज्ञान कंपन्यांना जाब विचारावा. हा पूर्वपक्ष उथळ माणसांचा नाही. निकालपत्रांत, विधिमंडळांतील भाषणांत आणि अग्रलेखांत तो सारख्याच खात्रीने मांडला जातो आणि द्वेषाचा मारा ज्यांनी प्रत्यक्ष सोसला आहे त्यांच्यापैकीही अनेकांना तो पटतो. तरीही तो चुकीचा आहे, आणि ही चूक माणसांच्या जिवावर बेतणारी आहे, कारण तिच्यामुळे घडवून आणणारा नजरेआड राहतो आणि हेतूची चौकशी करण्याऐवजी भावनेची मनधरणी सुरू होते.

या पूर्वपक्षाचे सविस्तर खंडन सिंगापूरचे संज्ञापन-अभ्यासक चेरियन जॉर्ज यांनी केले आहे. जॉर्ज मूळचे पत्रकार. ‘द स्ट्रेट्स टाइम्स’ या दैनिकात काम केल्यानंतर त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातून संज्ञापनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, नानयांग तंत्रज्ञान विद्यापीठात अध्यापन केले, आणि तेथे कायमस्वरूपी नेमणूक नाकारली गेल्यावर ते हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठात गेले. २०१६ साली एमआयटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या ‘हेट स्पिन’ या ग्रंथात त्यांनी भारत, इंडोनेशिया आणि अमेरिका या तीन मोठ्या लोकशाही देशांची तुलना केली असून, तिन्ही ठिकाणी बहुसंख्याकांचा धर्म वेगळा असताना कार्यपद्धती मात्र एकसारखीच कशी आढळते हे दाखवले आहे. जनसंपर्काच्या व्यवसायात एखाद्या घटनेला आपल्या सोयीचा पीळ देण्याला ‘स्पिन’ म्हणतात. जॉर्ज यांच्या मते ‘हेट स्पिन’ म्हणजे समर्थक जमवण्यासाठी आणि विरोधकांवर दडपण आणण्यासाठी समूहओळखीचा वापर करून मुद्दाम निर्माण केलेली निंदा, किंवा मुद्दाम निर्माण केलेला संताप. या व्याख्येचा उत्तरार्ध हेच त्यांचे खरे योगदान होय. अपमान करणारा आणि अपमानित झालेला यांना आजवर दोन विरुद्ध टोकांना उभे केले जात असे; जॉर्ज यांनी दाखवले की अपमान करणे आणि अपमान झाल्याचा गवगवा करणे ही एकाच राजकारणाची दोन अवजारे असू शकतात, आणि पुष्कळदा ती एकाच हातात असतात.

हे म्हणणे खरे की खोटे याची एक सोपी कसोटी म्हणजे काळाचे अंतर. भावना जर आपोआप दुखावत असत्या, तर कृती आणि क्षोभ यांच्यात फार अंतर पडता कामा नये. डेन्मार्कच्या ‘युलांड्स-पोस्टन’ या दैनिकाने प्रेषित महंमदांची बारा व्यंगचित्रे ३० सप्टेंबर २००५ रोजी छापली. ऑक्टोबरमध्ये, तेही रमजानच्या महिन्यात, इजिप्तमधल्या ‘अल-फज्र’ या वृत्तपत्राने त्यांपैकी काही पुन्हा छापली, आणि कैरोत एक काचही फुटली नाही. दमास्कस आणि बैरूत येथील डॅनिश कचेऱ्या जळाल्या त्या फेब्रुवारी २००६ मध्ये. मधल्या काळात डेन्मार्कमधील काही धर्मगुरूंनी एक दस्तऐवज तयार करून तो पश्चिम आशियात फिरवला होता आणि त्यात त्या दैनिकाने कधीही न छापलेली चित्रेही घातली होती. राजनैतिक पातळीवरही हा विषय हेतुपूर्वक तापवला गेला होता. मकबूल फिदा हुसेन यांच्याविषयीचा संताप या बाबतीत आणखी बोलका आहे. १९७०च्या दशकात काढलेली त्यांची चित्रे सुमारे वीस वर्षे कोणालाही खुपली नाहीत. १९९६ साली एका हिंदी मासिकाने ती छापून त्यांवर आरोपपत्र लिहिल्यासारखा मजकूर दिला, आणि तेव्हापासून खटल्यांची जी मालिका सुरू झाली तिची परिणती एका वृद्ध भारतीय चित्रकाराने २०१० साली कतारचे नागरिकत्व स्वीकारण्यात झाली.

तथापि ही कार्यपद्धती अगदी जवळून पाहायची असेल, तर जॉर्ज यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर लगेच जाकार्तात जे घडले ते पाहावे. शहराचे गव्हर्नर बासुकी त्जाहाजा पुर्नामा, ज्यांना सारे ‘अहोक’ म्हणून ओळखत, हे चिनी वंशाचे ख्रिस्ती. २७ सप्टेंबर २०१६ रोजी जाकार्ताच्या उत्तरेकडील ‘हजार बेटां’वर मत्स्यपालनाच्या एका योजनेच्या निमित्ताने त्यांनी कोळी लोकांपुढे भाषण केले. आपण निवडून आलो नाही तरी योजना चालू राहील असे सांगताना, कुराणातील एका आयतीचा वापर करून काही लोक मतदारांना फसवतात, असे ते म्हणाले. समोर बसलेल्या मुसलमान कोळ्यांपैकी कोणीही उठून गेले नाही. संपूर्ण भाषण प्रशासनाने स्वतःच यूट्यूबवर ठेवले होते आणि आठवडाभर त्यावर काही गाजावाजा झाला नाही. मग ऑक्टोबरमध्ये संज्ञापन हा विषय शिकवणाऱ्या एका अध्यापकाने त्यातला छोटा तुकडा फेसबुकवर टाकला आणि सोबतच्या मजकुरात ‘वापरून’ या अर्थाचा इंडोनेशियन शब्द गाळला. त्यामुळे आयतीचा गैरवापर करणाऱ्यांवरची टीका ही थेट आयतीवरचीच टीका ठरली. त्यापुढचे काम संघटनांनी केले: धर्मपंडितांच्या परिषदेचे निवेदन, नोव्हेंबरमधला मोर्चा, २ डिसेंबरला लाखोंचा जमाव. एप्रिल २०१७ मध्ये अहोक निवडणूक हरले आणि ९ मे रोजी, सरकारी पक्षाने तुलनेने सौम्य शिक्षा मागितली असतानाही, न्यायालयाने ईश्वरनिंदेच्या कलमाखाली त्यांना दोन वर्षांच्या कैदेत पाठवले. त्या अध्यापकालाही पुढे शिक्षा झाली, परंतु तोवर निवडणुकीचा निकाल लागून गेला होता. या प्रकरणात उत्स्फूर्त काय होते, असा प्रश्न पूर्वपक्षाला विचारला पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. २ डिसेंबरला पावसात उभे राहून प्रार्थना करणाऱ्या लाखो लोकांची वेदना खोटी होती काय? श्रद्धावान माणसाला आपल्या श्रद्धास्थानाची अवहेलना सहन होत नाही, ही वस्तुस्थिती आहे. ती नाकारणारा अभ्यासक समाजाला ओळखत नाही असेच म्हणावे लागेल. पण निर्माण केलेला संताप म्हणजे नाटकी संताप नव्हे. ज्यांच्यापर्यंत कापलेला तुकडा पोचला त्यांचा राग खराच होता. कृत्रिम होती ती त्या रागामागची माहिती, त्याची वेळ, त्याचे लक्ष्य आणि त्याला दिलेले वळण. श्रद्धावानाची फसवणूक झाली असेल, तर ती करणाऱ्याला उघडे पाडणे हाच त्या श्रद्धेचा आदर ठरतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तक २००३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. आक्षेप येताच प्रकाशकांनी त्याच वर्षी ते मागे घेतले आणि लेखकाने दिलगिरीही व्यक्त केली. त्या पुस्तकातील काही विधाने आक्षेपार्ह आणि पुराव्याला धरून नसलेली होती, असे इतिहासाचे जाणकार तेव्हाच म्हणाले होते, आणि तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. तरीही ५ जानेवारी २००४ रोजी, म्हणजे पुस्तक बाजारातून गेल्यानंतर, लेन यांना मदत केल्याचा ठपका ठेवून संभाजी ब्रिगेडच्या कार्यकर्त्यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला केला. कपाटे आडवी झाली, पोथ्या आणि दुर्मीळ ग्रंथ विस्कटले. लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका त्याच वर्षी व्हायच्या होत्या. राज्य सरकारने लेखकाविरुद्ध गुन्हा नोंदवला आणि पुस्तकावर बंदी घातली. गुन्हा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, बंदी मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली उठवली आणि तो निकाल २०१० साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. शिवाजी महाराजांविषयीचा आदर मराठी माणसाच्या हाडीमाशी आहे, यात वाद नाही. पण ज्या संस्थेत मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी आयुष्ये घालवली, तिथली कागदपत्रे तुडवून तो आदर व्यक्त होत होता असे कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही.

दहा वर्षांनी पुण्यातच याहून भयंकर घडले. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत केलेली चित्रे फेसबुकवर फिरल्याच्या निमित्ताने शहरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, आणि २ जून २०१४ च्या रात्री हडपसरमध्ये नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये तीन आरोपींना जामीन देताना, मृत व्यक्तीचा दोष एवढाच की ती दुसऱ्या धर्माची होती, ही बाब उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने धरली आणि धर्माच्या नावाने त्यांना चिथावले गेल्याचेही म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो आदेश रद्द केला. २०२३ साली पुराव्याअभावी सर्व आरोपी सुटले. ‘भावना भडकल्या’ हे स्पष्टीकरण एकदा मान्य झाले की ते कुठपर्यंत पोचते, याचा हा जामीन आदेश नमुना आहे: चिथावणी हा चिथावणाऱ्याचा गुन्हा न राहता मारणाऱ्याची सबब बनते.

या स्पष्टीकरणाचा प्रसार करण्यात वृत्तमाध्यमांचा वाटा मोठा आहे, आणि स्वतः पत्रकार राहिलेल्या जॉर्ज यांनी तो मांडला हे योग्यच झाले. ‘संतापाची लाट’, ‘तीव्र पडसाद’, ‘तणावपूर्ण शांतता’ हे बातमीतले ठरीव शब्दप्रयोग पाहावेत. त्यांत लाट उसळते, पडसाद उमटतात, पण उसळवणारा आणि उमटवणारा कुठेच नसतो. बंदची हाक कोणी दिली, ती देणारी संघटना किती लोकांची, ती कोणत्या पक्षाच्या आश्रयाने चालते, आक्षेपार्ह ठरवलेला मजकूर मुळात केव्हाचा आहे आणि आंदोलकांपैकी कोणी तो वाचला आहे, हे पाच प्रश्न विचारायला वार्ताहराला अर्धा तास पुरतो. ते न विचारता पन्नास जणांच्या टोळीला ‘समाज’ म्हटले जाते, तिच्या म्होरक्याला दूरचित्रवाणीच्या चर्चेत त्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून बसवले जाते, आणि त्याच समाजातील ज्या लाखो लोकांना त्या वादात काडीचा रस नसतो त्यांना आवाजच उरत नाही. जॉर्ज यांच्या विवेचनातून निघणारा हा निष्कर्ष मराठी वृत्तपत्रसृष्टीने अद्याप मनावर घेतलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

दुसरा पूर्वपक्ष तंत्रज्ञानाचा. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि त्यांची वाचकाला खिळवून ठेवणारी गणिते, म्हणजे कोणता मजकूर कोणाला आधी दिसावा हे ठरवणारे अल्गोरिदम, हीच द्वेषाची जननी आहेत, असे तो सांगतो. यात तथ्य आहे आणि ते सोडून चालणार नाही. म्यानमारमध्ये जुलै २०१४ मध्ये मंडाले शहरात, मुसलमान चहा-दुकानदाराने बौद्ध तरुणीवर बलात्कार केल्याची अफवा अशिन विराथू या भिक्षूने फेसबुकवरून पसरवली आणि दंगलीत दोन माणसे मेली. आरोप खोटा असल्याचे आणि तो पैसे देऊन करवून घेतल्याचे पुढे उघड झाले. त्या देशात फेसबुक म्हणजेच इंटरनेट अशी स्थिती असताना, २०१५ च्या सुरुवातीला बर्मी भाषेतील तक्रारी पाहणारी जेमतेम दोन माणसे कंपनीकडे होती. रोहिंग्या मुसलमानांच्या संहारानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने या माध्यमाला दोष दिला आणि २०१८ साली कंपनीनेही आपण पुरेसे काही केले नाही हे मान्य केले. एवढा निष्काळजीपणा अक्षम्य आहे. पण मंडालेच्या प्रकरणात अफवा विकत घेणारे होते, ती पसरवणारा नामांकित धर्मगुरू होता, आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षे चाललेली संघटित चळवळ होती. माध्यमाने हे काम स्वस्त आणि वेगवान केले. ते काम ठरवले मात्र माणसांनी. रवांडातील १९९४ सालच्या वंशसंहारात हेच काम नभोवाणीने केले, आणि तिथे अल्गोरिदम नव्हता.

येथे जॉर्ज यांच्या मांडणीतील एक उणीवही नोंदवली पाहिजे. सूत्रधारांवर इतका प्रकाश टाकल्यामुळे मजकूर पुढे पाठवणारा सामान्य माणूस त्यांच्या चित्रात जवळजवळ कठपुतळीसारखा दिसू लागतो. मूळच्या भारतीय आणि म्युनिक विद्यापीठात काम करणाऱ्या माध्यम-मानवशास्त्रज्ञ सहाना उडुपा यांचे संशोधन ही बाजू भरून काढते. त्यांनी ‘एक्स्ट्रीम स्पीच’, म्हणजे सभ्यतेची सीमा ओलांडणारी उक्ती, अशी संकल्पना वापरून दाखवले की भारतात ऑनलाइन शिवीगाळ करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पगारी नसतात. त्यांना त्यात मौज वाटते, चार समविचारी भेटल्याचा आनंद मिळतो आणि आपण देशकार्य करतो आहोत असे समाधानही लाभते. हे निरीक्षण जॉर्ज यांच्या सिद्धान्ताला मोडून काढत नाही, पण त्याला अधिक अवघड करते. सूत्रधाराचे कौशल्य लोकांना आज्ञा देण्यात नसून त्यांना स्वखुशीने सामील करून घेण्यात असते, असे दोन्ही अभ्यास एकत्र वाचल्यावर म्हणावे लागते. आणि म्हणूनच आवडीने ‘फॉरवर्ड’ करणारा काका, मामा किंवा शेजारी जबाबदारीतून पूर्णपणे सुटत नाही.

राहिला कायद्याचा पक्ष, आणि तोच सर्वांत घट्ट रुजलेला आहे. भारतीय दंडसंहितेतील २९५-अ हे कलम, जे हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने कोणत्याही वर्गाच्या धर्मभावनांचा उपमर्द करणाऱ्याला शिक्षा देते, १९२७ साली आले. प्रेषितांची निंदा करणाऱ्या एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला लाहोर उच्च न्यायालयाने सोडून दिल्यावर जो क्षोभ झाला, तो शमवण्यासाठी ते केले गेले. क्षोभ शमला नाही. १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झाला. इतिहासकार आणि सुधारक या कलमाच्या तावडीत सापडतील, ही भीती विधिमंडळातील चर्चेतच व्यक्त झाली होती, आणि ती खरी ठरली. २०१४ साली धर्म-अभ्यासक वेंडी डोनिगर यांचे हिंदू धर्मावरील पुस्तक पेंग्विनने मागे घेतले ते न्यायालयाने दोषी ठरवले म्हणून नव्हे, तर खटल्याचा ससेमिरा चुकवण्यासाठी. जो कायदा भावना दुखावल्याच्या दाव्याला दाद देतो, तो तसा दावा करणाऱ्या संघटनेला एक हत्यारच देतो, आणि जितका जास्त गोंधळ तितका दावा बळकट, असा हिशेब त्यातून तयार होतो.

याच १९२७ सालात महाराष्ट्राने एक धडा पाहिला होता. २० मार्च रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतलेल्या अस्पृश्यांवर सवर्णांनी हल्ला केला, तो हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी खोटी आवई उठवून. त्याच महाडात २५ डिसेंबरला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. भावना दोन्ही वेळा दुखावल्या असतील. किंबहुना दुसऱ्या वेळी अधिक दुखावल्या. पण पहिल्या प्रसंगी हाडामासाच्या माणसांची डोकी फुटली आणि माणूस म्हणून वावरण्याचा त्यांचा हक्क हिरावला गेला, तर दुसऱ्या प्रसंगी एक ग्रंथ जळला आणि त्या ग्रंथाने गुलाम ठरवलेल्यांनी मान वर केली. भावनेच्या तराजूत हे दोन प्रसंग तोलणारा कायदा आंबेडकरांना गुन्हेगार आणि दंगलखोरांना पीडित ठरवू शकतो. जेरेमी वॉल्ड्रन या विधितत्त्वज्ञाने २०१२ साली हाच भेद तात्त्विक भाषेत मांडला: कायद्याने माणसाच्या सामाजिक प्रतिष्ठेचे, म्हणजे आपण इथे बरोबरीचे नागरिक आहोत या विश्वासाचे, रक्षण करावे, त्याच्या मतांना आणि श्रद्धांना धक्का लागू नये याची हमी देऊ नये. ‘हा समाज हाकलून द्या’ हे पहिल्यावरचे आक्रमण आहे, ‘हा ग्रंथ अन्यायी आहे’ हे दुसऱ्यावरचे.

म्हणून या लेखाचा पक्ष निर्बंधमुक्तीचा नाही. अमेरिकेत जवळजवळ कोणतेही भाषण कायद्याच्या कक्षेबाहेर असते, आणि तरीही, किंवा म्हणूनच, तिथे मुसलमानांविरुद्धचा प्रचार पैसा आणि संघटना यांच्या बळावर मुक्तपणे चालतो, हे जॉर्ज यांच्याच ग्रंथात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१२ साली झालेल्या रबात कृती-आराखड्यात चिथावणीचा गुन्हा ठरवण्यासाठी सहा गोष्टी पाहाव्यात असे म्हटले आहे: परिस्थिती, बोलणाऱ्याचे स्थान, त्याचा हेतू, बोलण्याचा आशय, त्याचा प्रसार आणि हानी होण्याची शक्यता. यांतील दुसरा निकष फार मोलाचा आहे. हजारोंच्या सभेत बहिष्काराची हाक देणारा आमदार आणि रात्री घरी बसून वाह्यात मजकूर टाकणारा विद्यार्थी यांना तो एका मापाने मोजत नाही. भारतातील अनुभव नेमका उलटा आहे. २०१२ साली पालघरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराच्या दिवशीच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या तरुणीला आणि त्या पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला तत्काळ अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा त्यात आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. याउलट व्यासपीठावरून उघड चिथावणी देणाऱ्या सभांबाबत, तक्रार येण्याची वाट न पाहता गुन्हे नोंदवा, असे त्याच न्यायालयाला एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना बजावावे लागले. कलमे होतीच, ती दुबळ्यांवर लागू होत होती आणि बलवानांपाशी थांबत होती.

विधी आयोगाने २०१७ सालच्या आपल्या २६७ व्या अहवालात द्वेषाला चिथावणी देणे आणि भीती पसरवणे यांसाठी दोन नवी कलमे सुचवली होती, आणि त्यांत धर्म व जातीसोबतच लिंगभाव, अपंगत्व यांसारख्या आधारांचाही विचार केला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या दोन कलमांना जागा मिळाली नाही. २९५-अ मात्र २९९ हा नवा क्रमांक घेऊन कायम आहे, आणि खटला भरण्याआधी पोलिसाने विचारायचा प्रश्न आजही कोणाच्या जिवाला आणि बरोबरीच्या हक्काला धोका पोचला हा नसून कोणाच्या भावना दुखावल्या हाच राहिला आहे.